परत आले, पण घरी आल्यासारखं वाटत नाहीये

प्रश्न : ताई, मी १७ वर्षांची आहे. एक्स्चेंज प्रोग्रॅमवर वर्षभर परदेशात एका होस्ट फॅमिलीकडे राहून शिकले, आता परत आलीये. सुरुवातीला मस्त वाटलं, सगळे भेटायला येत होते. आता मात्र कशातच मन लागत नाहीये. मी काही सांगायला गेले की मैत्रिणी म्हणतात, झालं हिचं 'तिकडे असं, तिकडे तसं' सुरू. त्यांचे जोक्स मला कळत नाहीत कारण ते कशावरून सुरू झाले तेव्हा मी इथे नव्हतेच. तिकडे बस-ट्रेनने एकटी फिरायचे, इथे जरा उशीर झाला की आईचे फोनवर फोन. आणि सगळ्यात वाईट म्हणजे होस्ट आईची खूप आठवण येते, मग स्वतःच्या आईसमोर चोरी केल्यासारखं वाटतं. मी कृतघ्न आहे का? (नाव छापू नका.)

उत्तर : कृतघ्न कसली गं, उलट वर्षभर परक्या घरात राहून तिथल्या माणसांना तू आपलं मानलंस, तेच तर करायला गेली होतीस ना.

आधी एक सांगते म्हणजे जरा हायसं वाटेल. परदेशी शिकायला गेलेल्यांच्या मनःस्थितीवर अभ्यास बरेच जुने आहेत. १९५५ मध्ये लिसगार्ड नावाच्या संशोधकाने फुलब्राइट स्कॉलरशिपवर अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या लोकांचा अभ्यास केला आणि मांडलं की आधी सगळं छान वाटतं, मग घसरण, मग हळूहळू जम बसतो, म्हणजे आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा. पुढे १९६३ मध्ये गलाहॉर्न नवरा-बायकोने म्हटलं की थांबा, गोष्ट इथे संपत नाही, माणूस घरी परतला की हेच सगळं परत एकदा होतं, म्हणून तो यू नसून डब्ल्यू आहे. तू सध्या त्या दुसऱ्या खड्ड्यात आहेस. अर्थात सगळ्यांचा आलेख असाच जातो असं नाही, नंतरच्या संशोधनात त्याला बरेच अपवाद निघालेत, त्यामुळे कॅलेंडर घेऊन 'आता वर कधी येणार' असं मोजत बसू नकोस.

आता खरा मुद्दा. जाताना तुझी केवढी तयारी करून घेतली असेल, ओरिएंटेशन, नियम, काय बोलावं काय बोलू नये. येताना बहुतेक जण मनाने काहीच तयारी करत नाहीत कारण घरीच तर जायचंय, त्यात काय शिकायचं! आल्फ्रेड शुट्झ नावाचा एक समाजशास्त्रज्ञ होता, व्हिएन्नाचा, नाझींमुळे देश सोडून अमेरिकेत गेलेला. त्याने १९४४ मध्ये परक्या माणसावर एक निबंध लिहिला आणि लगेच १९४५ मध्ये घरी परतणाऱ्यावर दुसरा, तेव्हा युद्धावरून सैनिक परत येत होते ना. त्याचं म्हणणं साधारण असं की परक्याला माहीत असतं आपल्याला इथलं काही येत नाही, परतणाऱ्याला वाटतं सगळं माहितीये, आणि तिथेच तो आपटतो. कारण तू इथून गेलीस तेव्हाचं घर तू डोक्यात घेऊन फिरलीस, आणि घरच्यांनी तेव्हाची तू डोक्यात ठेवलीस, आणि दोन्ही आता शिल्लक नाहीत. आई जिला फोन करतेय ती वर्षापूर्वीची मुलगी आहे.

म्हणून माझा सल्ला थोडा उलटा आहे. मैत्रिणींना तुझं वर्ष सांगायचं जरा थांबव आणि त्यांचं वर्ष विचार. पण नीट विचार हं, 'बाकी काय' असं नाही. तो जोक कशावरून सुरू झाला, कोणाचं कोणाशी बिनसलं, परीक्षेच्या वेळी काय झालं, आणि ऐकताना मध्येच 'आमच्या तिकडे ना' घुसवू नकोस. तू नसताना इथेही एक अख्खं वर्ष गेलंय आणि ते तुला कोणी सांगितलं नाहीये, कारण सगळे तुलाच विचारत होते 'मग, कसं होतं?' या प्रश्नाला तसंही कोणी उत्तर देऊ शकत नाही, एका वाक्यात वर्ष कसं सांगणार माणूस! तुझं सगळं भडाभडा बोलायला तुझ्याच प्रोग्रॅममधून परतलेली मुलं शोध, त्यांना 'तिकडे तिकडे'चा कंटाळा येत नाही.

उशिराच्या फोनचं म्हणशील तर तिकडे तुला पूर्ण मोकळीक होती असं मला नाही वाटत. होस्ट फॅमिलीचेही नियम असतात, फक्त ते पहिल्याच आठवड्यात समोर बसून ठरवले जातात. तसंच इथे कर. भांडून नको, बसून. किती वाजेपर्यंत, निघताना मेसेज, उशीर होणार असेल तर आधी फोन. आईला वर्षापूर्वीची सवय मोडायचीये, तिलाही वेळ दे.

आणि होस्ट आई. तिच्याबद्दल आईला सांग. लपवलंस की चोरी वाटणारच. दोघींचा एकदा व्हिडिओ कॉल घडवून आण, भाषेची बोंब होईल, मध्ये तू दुभाषी.

प्रश्न : मुलगा एक्स्चेंजवरून आल्यापासून खोलीतच असतो. रात्र-रात्र तिकडच्या मित्रांशी बोलतो, दिवसा झोपतो. आम्ही काही म्हटलं की 'तुम्हाला नाही कळणार'. काय करावं?

उत्तर : पहिले काही दिवस सोडून द्या, दुसऱ्या टाइम झोनमधून आलाय, झोपेची घडी बसायला वेळ लागतो. पण रात्रभर तिकडच्या वेळेनुसार जगत राहिला तर ती कधीच बसणार नाही, तेव्हा कॉल बंद करायला लावू नका, त्याची वेळ बदलायला सांगा, संध्याकाळी नाहीतर सुट्टीच्या दिवशी. 'तुम्हाला नाही कळणार' हे आत्ता खरंच आहे. मग तिकडचा एक साधा दिवस सांग म्हणावं, उठण्यापासून झोपेपर्यंत, आणि मध्ये तुलना करू नका. 'आता विसर ते' हे तर अजिबातच नको. आणखी एक, सुसमन नावाच्या संशोधिकेचं म्हणणं आहे की तिकडे राहून ज्यांचं घरच्या संस्कृतीशी नातं सैल होतं त्यांना परतणं जास्त जड जातं, म्हणजे तुमचा मुलगा तिकडे मनापासून रमला असण्याची शक्यता आहे. मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक बिघडलेली, कशातच रस नाही, असं दिसलं तर ते परतण्याचंच आहे असं म्हणून बसू नका, डॉक्टर किंवा समुपदेशकाला दाखवा. आणि जगण्यात अर्थ नाही वगैरे बोलला तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी.

प्रश्न : युनिव्हर्सिटी एक्स्चेंज करून आले. तिकडचे दोन कोर्स इथे धरायला तयार नाहीत, म्हणतात विषय जुळत नाही. वर्ष वाया जाणार का?

उत्तर : इतक्यात नाही. नुसतं ट्रान्सक्रिप्ट दाखवून काम होत नाही, त्यावर कोर्सचं नाव आणि ग्रेड एवढंच असतं. त्या कोर्सचं सविस्तर सिलॅबस, तासांची संख्या, परीक्षेची पद्धत, तुझे असाइनमेंट हे सगळं जोडून लेखी अर्ज कर, तोंडी विचारून 'नाही' ऐकून परत येऊ नकोस. जायच्या आधी दोन्हीकडच्या सह्यांचं लर्निंग अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे तिकडचे कोणते कोर्स इथे धरणार याचा लेखी करार, झालं असेल तर ते सगळ्यात वर लाव. युरोपात गेली असशील तर तिकडे पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट धरतात, त्या हिशोबाने तुलना करून दे. आणि तिकडचा ईमेल आयडी बंद व्हायच्या आत त्यातले सगळे कागद उतरवून घे, आजच.