ब्रंडल एकही शर्यत जिंकला नाही, मग समालोचनात त्याचा शब्द प्रमाण का?

तुमच्या प्रश्नात एक खोच दिसते: जो स्वतः जिंकला नाही, तो जिंकणाऱ्यांना काय शिकवणार? आकडा बरोबरच आहे. आज टीव्हीवर समालोचन करणारा ब्रिटिश ड्रायव्हर मार्टिन ब्रंडल फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींच्या मालिकेत १५८ शर्यती धावला, ९ वेळा पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, गेला, पहिला एकदाही आला नाही.

पण तो सुमार ड्रायव्हर नव्हता. १९८३च्या ब्रिटिश फॉर्म्युला थ्री या खालच्या पातळीवरच्या मालिकेत त्याने पुढे जगज्जेता झालेल्या आयर्टन सेनाला मोसमाच्या शेवटच्या शर्यतीपर्यंत झुंजवलं. १९८८मध्ये जॅग्वारकडून तो स्पोर्ट्सकारचा जगज्जेता झाला, १९९०मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकला. फॉर्म्युला वनने मात्र त्याला पहिल्याच वर्षी, १९८४मध्ये, दणका दिला. डेट्रॉइटला तो ब्राझीलच्या नेल्सन पिकेच्या पाठोपाठ दुसरा आला, पुढे डॅलसच्या अपघातात पाय मोडले, आणि त्याच मोसमात त्याच्या टिरेल संघावर नियमभंगाचा ठपका येऊन सगळे निकालच रद्द झाले.

माझ्या मते त्याच्या समालोचनाची खरी शिदोरी १९९२ची. त्या वर्षी बेनेटन संघात त्याचा सहकारी होता तरुण मायकेल शूमाकर. बेल्जियममधल्या स्पा इथे शूमाकर जरा बाहेर घसरला, ब्रंडल पुढे गेला. मागून शूमाकरला ब्रंडलच्या टायरवर फोड आलेले दिसले. आपलेही तसेच झाले असणार हे ओळखून तो लगेच टायर बदलायला पिटमध्ये वळला आणि कारकिर्दीतली पहिली शर्यत जिंकला. ब्रंडल चौथा. असा माणूस शेजारच्या गाडीत असला की तो कसा विचार करतो, हे चांगलंच अंगवळणी पडतं.

त्याचा प्रत्यय आला १९९७मध्ये, स्पेनमधल्या हेरेथला. ब्रंडल त्याच वर्षी आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर समालोचक मरी वॉकरच्या जोडीला आला होता. मोसमाच्या त्या शेवटच्या शर्यतीत अजिंक्यपदासाठीचा प्रतिस्पर्धी जॅक विलनव आत घुसला आणि शूमाकर त्याच्यावर आदळला. शूमाकरच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचं दृश्य दिसताच ब्रंडलने निदान केलं: हे मुद्दाम होतं, आणि फसलं. स्टिअरिंग कधी वळलं, एवढं त्याला पुरेसं होतं. पुढे शूमाकरला त्या वर्षीच्या अजिंक्यपदाच्या क्रमवारीतूनच बाद करण्यात आलं.

वॉकरचा आवाज चढायचा, ब्रंडल खाली आणून कारण सांगायचा. ती जोडी २००१पर्यंत टिकली. पुढे ब्रंडल २००९पासून बीबीसीवर, आणि २०१२पासून स्काय वाहिनीवर.

आता त्याची ओळख म्हणजे शर्यतीआधी माइक घेऊन गाड्यांच्या गर्दीत मारलेला फेरफटका. तोही १९९७चाच. मला त्यातल्या सिनेनटांपेक्षा इंजिनिअरशी होणाऱ्या दोन वाक्यांत जास्त रस असतो, पण व्हायरल होतात ते नटच. तुम्ही त्याला फक्त त्या क्लिपांवरून ओळखत असाल, तर हेरेथचा तो भाग आवाजासकट बघा.