एकदा ओळख पटल्यावर पुन्हा पासवर्ड कशासाठी?

प्रश्न : सकाळी पासवर्ड आणि ओटीपी देऊन मी माझ्या खात्यात लॉगिन करते. तरीही दुपारी खात्याचा ई-मेल बदलायला गेले की तोच पासवर्ड पुन्हा मागितला जातो. हा अविश्वास कशासाठी?

उत्तर : अविश्वास तुमच्यावर नाही. या क्षणी कीबोर्डवर बोटे कोणाची आहेत, हे यंत्रणेला दिसत नाही, ही तिची खरी अडचण आहे. लॉगिन होताच सर्व्हर तुमच्या ब्राउझरला अंदाज बांधता येऊ नये अशी एक लांबलचक सांकेतिक खूण देतो. ती बहुधा कुकीमध्ये, म्हणजे ब्राउझरने जपून ठेवलेल्या छोट्या नोंदीत, साठवली जाते आणि त्यानंतरच्या प्रत्येक विनंतीबरोबर तीच पुढे केली जाते. म्हणजे तुमची ओळख पटली ती सकाळी. दुपारी तपासली जाते ती फक्त खूण. तुम्ही स्क्रीन उघडी ठेवून जागेवरून उठलात, किंवा एखाद्या घातक प्रोग्रॅमने ती कुकी चोरली, तर ती खूण ज्याच्या हाती, तो सर्व्हरच्या लेखी तुम्हीच. अशा माणसाने तुमचे निरोप वाचणे वाईटच. पण त्याने ई-मेल बदलला, तर ‘पासवर्ड विसरलात?’ची लिंक त्याच्याकडे जाऊ लागते आणि खाते तुमच्या हातून जाते. म्हणून नेमकी तिथे पुन्हा विचारणा होते.

लिनक्स या संगणक प्रणालीतील ‘सुडो’ ही आज्ञा याच विचाराने चालते. प्रशासकाचे अधिकार वापरण्यापूर्वी ती पासवर्ड मागते आणि मूळ रचनेप्रमाणे पुढची 5 मिनिटे पुन्हा विचारत नाही.

मात्र ऊठसूट विचारणा करणारी यंत्रणा मला धोकादायक वाटते, कारण सतत पासवर्ड टाइप करणाऱ्या माणसाला समोरचे पान खरे की बनावट हे पाहण्याची सवयच उरत नाही. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने 2017 च्या मार्गदर्शिकेत मधल्या सुरक्षा पातळीसाठी 12 तासांतून एकदा, किंवा 30 मिनिटे काहीच हालचाल नसल्यास, फेरपडताळणी सांगितली होती; घड्याळाकडे पाहून केलेल्या विचारणेला एवढे अंतर पुरेसे आहे. जोखमीच्या कामाआधीची विचारणा मात्र हवीच.

तेव्हा ती बंद करण्याचा मार्ग शोधू नका. टाइप करण्याचा कंटाळा येत असेल तर, सोय असल्यास, पासकी वापरा, म्हणजे पासवर्डऐवजी तुमच्या फोनचे किंवा संगणकाचे कुलूप (बोटाचा ठसा, चेहरा किंवा पिन) उघडून ओळख पटवण्याची पद्धत. आणि तुम्ही काहीही बदलायला गेला नसताना अचानक पासवर्ड मागणारी चौकट समोर आली, तर तिच्यात एक अक्षरही न भरता ती बंद करा आणि संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून खाते उघडा.