अंतिम निबंध : पहिल्या मसुद्यानंतरचे काम

प्रश्न : इंग्रजीच्या अंतिम निबंधासाठी मी मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी निवडली आहे. मध्यवर्ती विधान आधी पक्के करायला सांगितले आहे, पण ते जमत नसल्याने लेखनच सुरू होत नाही.

उत्तर : सुरुवातीला कामचलाऊ विधान पुरते. मात्र 'कादंबरीत एकाकीपणाचे चित्रण आहे' असे लिहू नका. तो विषय झाला, त्याच्याशी कोणाचा मतभेद होणार नाही. 'कादंबरीचा नायक, तरुण शास्त्रज्ञ व्हिक्टर, याने घडवलेला जीव हिंसक होतो, कारण त्याचे म्हणणे कोणीच ऐकून घेत नाही' हे विधान आहे, कारण ते खोडून काढता येते. आणि कादंबरीच ते खोडून काढते! अंध म्हातारा डी लेसी त्याचे आपुलकीने ऐकतो. पुढे व्हिक्टरही त्याची कहाणी ऐकतो. असा प्रतिकूल पुरावा समोर आला की विद्यार्थी तो उतारा गाळतात. मला याचे फार वाईट वाटते, कारण निबंध खऱ्या अर्थाने तिथेच सुरू होतो. डी लेसीला दिसत नाही, आणि स्वतःचे रूप दिसू नये म्हणून तो जीव व्हिक्टरच्या डोळ्यांवर हात ठेवतो. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की विधान बदलते : त्याचा आवाज माणसांपर्यंत पोहोचतो, पण त्याचे रूप तो आवाज पुसून टाकते. हे विधान पहिल्या दिवशी सुचणे अवघड होते. ते मसुदा लिहिताना सापडते, आणि बरेचदा मसुद्याच्या शेवटच्या परिच्छेदात दडलेले असते. तिथून ते उचलून प्रस्तावनेत आणा आणि त्याच्या उजेडात बाकीचा निबंध पुन्हा लिहा.

प्रश्न : प्राध्यापकांनी मसुद्यावर 'पुनर्लेखन आवश्यक' असा शेरा दिला. मी व्याकरण आणि स्पेलिंग सुधारून दिले, तरी शेरा तोच आला.

उत्तर : तुम्ही केले ते मुद्रितशोधन, ते सर्वांत शेवटी करायचे असते. जो परिच्छेद उद्या वगळावा लागणार आहे, त्यातली स्पेलिंग आज तपासण्यात अर्थ नाही. पुनर्लेखनासाठी कोरा कागद घ्या आणि प्रत्येक परिच्छेद काय सिद्ध करतो ते एकेका वाक्यात, मसुद्याकडे न पाहता लिहा. ज्या परिच्छेदाबद्दल 'यात पुढे काय घडते ते सांगितले आहे' एवढेच लिहिता येते, तो कथासार आहे. प्राध्यापकांनी कादंबरी वाचलेली असते, त्यांना तुमचा अन्वयार्थ हवा असतो. दोन वाक्ये सारखीच आली तर ते परिच्छेद एकत्र करा. मग ही वाक्ये सलग वाचा. त्यांच्यामध्ये 'म्हणून' किंवा 'परंतु' बसत असेल तर युक्तिवाद पुढे सरकतो आहे. सगळीकडे 'आणि' बसत असेल तर तुम्ही केवळ मुद्दे ओळीने मांडले आहेत.

प्रश्न : माझ्या प्रतीत एलिझाबेथ व्हिक्टरची आतेबहीण आहे, तर मैत्रिणीच्या प्रतीत ती घरी आणून वाढवलेली अनाथ मुलगी आहे. चूक कोणाची?

उत्तर : कोणाचीच नाही. कादंबरी १८१८ साली निघाली आणि शेलीने स्वतः बदल केलेली आवृत्ती १८३१ साली आली. एलिझाबेथचे नाते त्याच वेळी बदलले. त्यामुळे तुम्ही कोणता पाठ, म्हणजे कोणत्या आवृत्तीतला मजकूर, वापरला ते संदर्भसूचीत नोंदवा आणि सर्व अवतरणे त्याच प्रतीतून घ्या. नाहीतर नात्यावर उभारलेला मुद्दा एका पाठातला आणि त्याचा पुरावा दुसऱ्या पाठातला, असा घोटाळा होतो.

प्रश्न : अवतरणे किती आणि कशी द्यावीत?

उत्तर : संख्येचा नियम नाही. ज्या अवतरणातल्या शब्दांवर तुम्ही पुढे काहीच बोलत नाही, ते काढा. कथेतील घटनांविषयी इंग्रजीत लिहिताना वर्तमानकाळ वापरण्याचा संकेत आहे. मॉडर्न लँग्वेज असोसिएशन या भाषा-साहित्य अभ्यासकांच्या अमेरिकी संस्थेच्या पद्धतीत चार ओळींपेक्षा मोठे गद्य अवतरण डावीकडून अर्धा इंच आत घेऊन, अवतरणचिन्हांशिवाय देतात.

प्रश्न : निबंध उद्या द्यायचा आहे आणि हातात एकच संध्याकाळ आहे. आधी काय करू?

उत्तर : प्रस्तावनेतले विधान आणि समारोप एकापाठोपाठ वाचा. दोन्ही वेगळे बोलत असतील तर बहुधा समारोप बरोबर असतो. त्याप्रमाणे प्रस्तावना बदला आणि प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य तिच्याशी जुळवा. त्यानंतर निबंध मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते ते वाक्य तोडा. शेवटी प्रत्येक अवतरण मूळ पानाशी शब्दशः ताडून पाहा.