स्पायरोमेट्री नॉर्मल, तरी धाप लागते. सीटी स्कॅन आणि एआयमधून सुरुवातीचा बिघाड कळतो का?

तुम्ही लिहिलंय की बरीच वर्षं सिगारेट ओढत होतात, आता सोडली आहे. जिना चढताना धाप लागते, पण स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकून घेतात ती श्वासाची चाचणी, नॉर्मल आली. मी रेडिओलॉजिस्ट आहे, छातीचे सीटी वाचणं हे माझं रोजचं काम. सीटीत सुरुवातीचा बिघाड दिसू शकतो. मात्र त्यासाठी सॉफ्टवेअर कुठलं यापेक्षा स्कॅन कसा काढला हे जास्त महत्त्वाचं.

स्पायरोमेट्रीत तो का सुटतो? दोन मिलिमीटरपेक्षा बारीक श्वासनलिका संख्येने इतक्या असतात, की निरोगी फुफ्फुसात हवेला होणाऱ्या एकूण अडथळ्यात त्यांचा वाटा थोडाच असतो. त्यातल्या बऱ्याच निकामी झाल्या तरी फुंकरीचा आकडा फारसा हलत नाही. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिकांत कायमचा अडथळा येणारा आजार असलेल्या रुग्णांची फुफ्फुसं मायक्रो-सीटी या अतिसूक्ष्म स्कॅनखाली तपासली तेव्हा एम्फिसीमा, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या नष्ट होणं, दिसायच्या आधीच या नलिका अरुंद आणि नाहीशा झालेल्या आढळल्या. 2011 साली ते प्रसिद्ध झालं.

एवढ्या बारीक नलिका नेहमीच्या सीटीतही दिसत नाहीत. दिसतो तो त्यांचा परिणाम, म्हणजे आत अडकून राहिलेली हवा. सीटीच्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो: पाणी 0, हवा उणे 1000. छाती भरून श्वास घेतलेला असताना उणे 950 च्या खालचे ठिपके एम्फिसीमात धरतात. श्वास सोडल्यावरही उणे 856 च्या खाली राहिले, तर तिथली हवा बाहेर पडलेली नाही. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 मध्ये हे दोन्ही स्कॅन ठिपक्याला ठिपका जुळवून नकाशा केला: हिरवा निरोगी, लाल एम्फिसीमा, आणि पिवळा म्हणजे श्वास घेताना ठीक पण सोडताना रिकामा न होणारा भाग. तुमच्यासारख्यांसाठी महत्त्वाचा तो पिवळा.

यातली आकड्यांची तुलना साधं गणित आहे, तिला एआय म्हणायची गरज नाही. एआयचं खरं काम म्हणजे फुफ्फुसाचे खंड वेगळे करणं, फांद्यांसारख्या पसरलेल्या नलिकांचा माग काढणं आणि श्वास सोडल्यावर आकार पूर्ण बदललेलं फुफ्फुस श्वास घेतलेल्या स्कॅनशी जुळवणं. हाताने करायला तासन्‌तास लागतील असं हे काम ते मिनिटांत करतं, आणि याचं मला मनापासून कौतुक आहे.

पण श्वास सोडून काढलेला स्कॅन समोर आला की मी नकाशाआधी मुख्य श्वासनलिका बघते. तिच्या मागच्या बाजूला कूर्चा नसते, नुसता पडदा असतो. माणसाने श्वास नीट सोडला असेल तर तो पडदा सपाट होतो किंवा किंचित आत झुकतो. नलिका गोलच दिसली, तर श्वास सुटलेला नाही असाच मला संशय येतो. अशा वेळी चांगलं फुफ्फुसही पिवळं दिसतं, आणि सॉफ्टवेअर मात्र दशांशापर्यंत टक्केवारी देऊन मोकळं होतं. म्हणून स्कॅनआधी टेक्निशियनने श्वास सोडून धरायचा सराव करून घ्यावा, असा माझा आग्रह असतो. मशीनवर चित्र जास्त तीक्ष्ण करणारी सेटिंग वापरली, तर त्याच माणसाचा एम्फिसीमाचा आकडा वाढतो, तेही लक्षात ठेवा. शिवाय थोडी हवा निरोगी माणसातही अडकते, आणि वयाबरोबर ती वाढते.

तुमच्या जागी मी लगेच सीटीकडे धावले नसते. आधी हिमोग्लोबिन, हृदयाची तपासणी आणि डीएलसीओ, म्हणजे फुफ्फुसातून वायू रक्तात किती उतरतो ते मोजणारी चाचणी, याबद्दल छातीच्या डॉक्टरांना विचारा. धाप लागण्याचं कारण तिथेही सापडू शकतं. पूर्वी कशासाठी तरी छातीचा सीटी झाला असेल तर त्याची सीडी सोबत न्या. पातळ स्लाइस असतील तर त्यावरून किमान एम्फिसीमा तरी मोजता येतो, नव्या किरणोत्सर्गाशिवाय. नवा काढायचाच ठरला, तर श्वास सोडतानाचा भाग कमी डोसमध्ये होईल का, तेवढं विचारून घ्या.

आणि नकाशात पिवळं दिसलं म्हणून स्वतःहून इन्हेलर सुरू करू नका. सिगारेट ओढणाऱ्या किंवा पूर्वी ओढलेल्या, लक्षणं असलेल्या पण स्पायरोमेट्री नॉर्मल असलेल्या लोकांवर झालेल्या 2022 सालच्या चाचणीत श्वासनलिका रुंद करणाऱ्या दोन औषधांच्या एकत्रित इन्हेलरने लक्षणं कमी झाली नाहीत. सिगारेट सोडलीत, हा तुमच्या फुफ्फुसांवरचा सगळ्यात मोठा उपचार आधीच झालाय.