लंडनच्या कालव्यावर भाड्याच्या बोटींसोबत बिअर-वाइन विकायची असेल तर प्रत्येक बोटीचं लायसन्स काढावं लागतं का?

तुम्ही विचारलंय की रीजंट्स कॅनॉलवर आठ-आठ माणसांच्या चार इलेक्ट्रिक बोटी भाड्याने द्यायच्या आहेत, गिऱ्हाईक स्वतःच चालवणार आणि सोबत थोडी बिअर-वाइन विकायची आहे. मग चार बोटींची चार लायसन्स का, आणि बोट दुसऱ्या कौन्सिलच्या हद्दीत गेली की काय? पॅडिंग्टनच्या बाजूला अशाच एका छोट्या कंपनीत मी दोन उन्हाळे काढले. लायसन्सचा अर्ज माझ्याच गळ्यात पडला होता. मी वकील नाही, पण ते सगळे कागद माझ्या हातून गेलेत.

आधी डोक्यातली आपली परमिट रूम काढून टाका. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे पिणाऱ्यालाही परवाना लागतो आणि कारभार राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे असतो. इंग्लंडमध्ये पिणाऱ्याकडे कोणी परवाना मागत नाही. २००३ च्या लायसन्सिंग ॲक्टला देणंघेणं आहे ते विक्रीशी, आणि लायसन्स देते स्थानिक कौन्सिल. गिऱ्हाइकाने सुपरमार्केटमधून सहा कॅन आणले आणि तुमच्या बोटीत बसून रिकामे केले, तर त्यासाठी तुम्हाला लायसन्स लागत नाही. पण जाहिरातीत ‘तिकिटासोबत प्रोसेकोचा (फसफसणारी इटालियन वाइन) एक ग्लास फुकट’ असं छापलंत की ती विक्रीच झाली. ही युक्ती सगळ्यांना सुचते, कौन्सिलवाल्यांना ती पाठ आहे.

आता हद्दीचं. या कायद्याच्या लेखी बोट हीसुद्धा एक ‘जागा’च. चालती-फिरती बोट नेहमी जिथे बांधलेली असते तिथेच ती आहे असं कलम १८९ मानतं. पॅडिंग्टनजवळच्या लिटल व्हेनिसला बांधलेली बोट वेस्टमिन्स्टर कौन्सिलची. ती प्राणिसंग्रहालयावरून कॅमडेन लॉकपर्यंत गेली तरी कॅमडेन कौन्सिलकडे वेगळा अर्ज नको. विमानात, धावत्या रेल्वेत किंवा परदेशी निघालेल्या जहाजावर विक्रीला लायसन्सच लागत नाही, पण ती सूट कालव्यातल्या बोटीला नाही. रीजंट्स कॅनॉल १८२० साली लाइमहाउसला थेम्सला जाऊन मिळाला खरा, पण तेवढ्याने तुमची आठ माणसांची बोट आंतरराष्ट्रीय होत नाही.

मात्र प्रत्येक बोट ही वेगळी जागा, म्हणजे चार बोटींना चार लायसन्स, चार वार्षिक शुल्कं. शिवाय गिऱ्हाईकच सुकाणू धरून बसलेलं असताना बोटीवर विकणार कोण? तुमचा माणूस तर धक्क्यावर. म्हणून माझं स्पष्ट मत: बोटींच्या नादी लागू नका, धक्क्यावरच्या टपरीचं लायसन्स काढा. बाहेर नेऊन पिण्यासाठीची विक्री, म्हणजे ऑफ-सेल. गिऱ्हाईक टपरीत पैसे देतं, कॅन उचलतं, बोटीत बसतं. विक्री जमिनीवर झाली, पुढे ते कुठे बसून पितं हा लायसन्सचा प्रश्न उरत नाही. बोटीवर तुमचा नावाडी आणि छोटा बार असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बोटीचंच लायसन्स लागेल. तेव्हा बारापेक्षा जास्त प्रवासी घेणार असाल तर दारूच्या आधी बोटीला मॅरिटाइम ॲण्ड कोस्टगार्ड एजन्सीचं प्रवासी प्रमाणपत्र लागतं, तो वेगळाच व्याप आहे.

ऑनलाइन बुकिंगमध्ये एक खोच आहे, ती आमच्या लक्षात उशिरा आली. आमच्या मालकांची आयडिया अशी: वेबसाइटवर खाण्याची टोपली आणि वाइन आधीच विकायची, बाटल्या त्यांच्या घरच्या गॅरेजमधल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या आणि सकाळी नावं चिकटवून धक्क्यावर आणायच्या. पैसे वेबसाइटवर आले, बाटली धक्क्यावर दिली, मग विक्री कुठे झाली? कलम १९० सांगतं की बाटली त्या ऑर्डरसाठी जिथे बाजूला काढली तिथे. म्हणजे लायसन्स गॅरेजला हवं! मालकांच्या बायकोने ते ऐकलं आणि आयडिया तिथेच संपली. बाटल्या टपरीतल्या फ्रीजमध्येच ठेवा आणि ऑर्डरही तिथेच भरा.

खर्च म्हणाल तर ज्या जागेचं करमूल्यच ठरलेलं नसतं ती शुल्काच्या सर्वांत खालच्या पट्टीत येते. आमच्या वेळी अर्जाला १०० पौंड आणि वर्षाला ७० होते. वर एक जबाबदार सुपरवायझर नेमावा लागतो, आणि त्याच्याकडे स्वतःचं पर्सनल लायसन्स लागतं (एका दिवसाचा कोर्स, परीक्षा, गुन्हेगारी नोंदींचा दाखला आणि ३७ पौंड). व्हिसावर असाल तर आधी तो नीट वाचा. २०१७ पासून इथे काम करण्याचा हक्क नसलेल्याला ही लायसन्स मिळत नाहीत, आणि स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करताच येत नाही.

अर्ज टाकला की २८ दिवस निळी नोटीस लावायची. फिकट निळा कागद, ए-४, अक्षर १६ पॉइंटपेक्षा लहान नको, आणि बाहेरून सहज वाचता यायला हवी. स्थानिक पेपरातही जाहिरात द्यावी लागली. मी ती नोटीस हौसेने लॅमिनेट करून टपरीच्या खिडकीला आतून लावली. दिसायची छान. पण संध्याकाळी सहाला शटर खाली आलं की नोटीस गडप, आणि टोपाथवर, म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेवर, लोक फिरायला येतात ते सहानंतर. तिसऱ्या आठवड्यात कौन्सिलचा अधिकारी सायकलवरून आला, बंद शटरचा फोटो काढला, आणि आमचे २८ दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू. मे महिन्याच्या शेवटची बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी, हातची जाणार होती. ती टेम्पररी इव्हेंट नोटीसने, म्हणजे थोड्या दिवसांच्या विक्रीसाठी कौन्सिलला द्यायच्या तात्पुरत्या नोटिशीने, वाचली. २१ पौंडांत मिळते, कामाचे दहा दिवस आधी द्यावी लागते. धंदा चालतो का हे चाचपायलाही ती चांगली.

या २८ दिवसांत पोलीस, अग्निशमन, पर्यावरण आरोग्य खातं, शेजारीपाजारी कोणीही हरकत घेऊ शकतं. कोणीच घेतली नाही तर कौन्सिलला लायसन्स द्यावंच लागतं. बोटीसाठी अर्ज असेल तर कालवे सांभाळणाऱ्या कॅनॉल ॲण्ड रिव्हर ट्रस्टलाही प्रत जाते. टपरीसाठी नसली तरी पाणी त्यांचंच आहे, तेव्हा तुमच्या धक्क्याच्या करारात दारूबद्दल काय लिहिलंय ते अर्जाआधीच बघा.

आमच्यावर हरकत आली ती नॅरोबोटीत, म्हणजे कालव्यातल्या लांबट अरुंद बोटींत, राहणाऱ्यांची. सुनावणीला तीन नगरसेवक. मी आवाज, काच, वेळ या सगळ्याची उत्तरं पाठ करून गेलो होतो. कालव्यावर बरीच वर्षं राहणाऱ्या एक आजी उभ्या राहिल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, “आठ माणसं, दोन तास, बिअर. बोटीत संडास नाही. मग ही माणसं जातात कुठे?” तिन्ही नगरसेवक माझ्याकडे बघायला लागले. उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं: आजींच्या बोटीशेजारच्या झुडपात.

लायसन्स मिळालं, पण अटींसकट. काचेऐवजी कॅन आणि प्लास्टिकचे पेले, माणशी दोनच, संध्याकाळी सातनंतर विक्री बंद, प्रत्येक बोटीत जवळच्या सार्वजनिक संडासांचा नकाशा, आणि सुकाणू धरणाऱ्याच्या मनगटाला पिवळा पट्टा, त्याला विक्री नाही. पट्ट्याची अट आम्हीच सुचवली होती. पगारी नावाड्याला कायद्याने दारूची मर्यादा घालून दिलेली आहे, हौशी गिऱ्हाइकाला तशी मोजून लागू नाही. त्यामुळे तो झिंगून कोणाच्या नॅरोबोटीवर आदळला की विमा कंपनी तुमच्याकडेच बघते. हे खूळ नाही, ताशी चार मैलांच्या वेगातही खिडकीवरची कुंडी पाण्यात जाते. मी दोन भरून दिल्या आहेत.

बाकी नेहमीचंच: १८ वर्षांखालच्याला विकणं गुन्हा, आधीच झिंगलेल्याला विकणंही गुन्हा, म्हणून पंचविशीच्या आतला दिसला की ओळखपत्र मागा. बिनलायसन्स विक्रीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा अमर्याद दंड, किंवा दोन्ही.

तुम्ही अर्ज जानेवारीत टाका. नोटीस शटरच्या बाहेर, भिंतीला लावा, आणि अर्ज देण्याआधी एका रविवारी बिस्किटांचा डबा घेऊन शेजारच्या नॅरोबोटींवर जाऊन या. संडासाचं काय करणार ते तेव्हाच सांगून टाका.