पाळणाघर चालवणारीने ऑनलाइन शिकावे का?

प्रश्न : सांगलीत विश्रामबागेत मी घरीच पाळणाघर चालवते. मुले घरी गेल्यावर रात्रीच काय तो वेळ मिळतो. ऑनलाइन प्रशिक्षणाचा खरोखर उपयोग होईल का?

उत्तर : होईल, पण सगळ्याच विषयांत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी वर्षाचा पदविका अभ्यासक्रम स्मार्टफोन व डीटीएच वाहिन्यांवरून सुचवला. मात्र त्याला महिन्यातून किमान एका प्रत्यक्ष वर्गाची जोड दिली, आणि ती आम्हाला मोलाची वाटते. आहार, भाषाविकास, नोंदी ठेवणे हे पडद्यावर शिकता येते. परंतु वर्षाच्या आतील बाळाच्या घशात काही अडकून त्याला रडूही फुटेनासे झाले, तर त्याला पालथे धरून, डोके खाली ठेवून खांद्यांच्या मधोमध पाच थापा द्यायच्या आणि तरी न निघाल्यास उताणे करून छातीवर पाच दाब द्यायचे, हे व्हिडिओ पाहून पाठ होते, हातात बसत नाही. त्यासाठी बाहुलीवर सराव करून घेणारा प्रथमोपचार वर्गच गाठावा. शुल्क भरण्यापूर्वी प्रमाणपत्र कोण देते आणि शंका मराठीत विचारता येतात का, एवढे अवश्य पाहावे. नुसता रंगीत कागद भिंतीवर शोभतो, इतकेच.