आप्पांचं वजन रोज करा, बिबड्यांचा डबा वर ठेवा

प्रश्न : ताई, आम्ही अमळनेर तालुक्यात खेड्यावर राहतो. सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, दोन वर्षांपूर्वी अटॅक आला, तेव्हा अँजिओप्लास्टी झाली. वय 68. मागच्या महिन्यात दम लागला म्हणून परत ॲडमिट केलं तर डॉक्टर म्हणे पंप 35 टक्केच राहिलाय. म्हणजे 65 टक्के हृदय गेलं ना? आता घरी आणलंय, पाणी दीड लिटर आणि मीठ कमी सांगितलंय, पण आप्पा "माले काय व्हयेल शे" म्हणतात आणि मळ्याकडे निघतात. काही झालं की सगळे मलाच बोलतील. नेमकं लक्ष कशावर ठेवू?

उत्तर : आधी ते 65 टक्क्यांचं डोक्यातून काढ बाई. धडधाकट माणसाचं हृदय पण एका ठोक्यात आतलं सगळं रक्त बाहेर फेकत नाही, साधारण 55 ते 70 टक्केच फेकतं. त्या हिशोबात 35 बघायचं. कमी आहेच, पण गोळ्या वेळेवर घेऊन बरीच माणसं या आकड्यावर हिंडतात-फिरतात. आप्पांनी सकाळच्या गारव्यात हळूहळू मळ्यापर्यंत चालत जायला डॉक्टरांची हरकत नसेल तर तूही अडवू नको. दुपारी बाराला मोटार चालू करायला पळत जायचं, ते मात्र बंद.

आता लक्ष कशावर, तर वजनावर. साधा वजनकाटा आण, तो फरशीवर ठेव, सारवलेल्या जमिनीवर किंवा गोधडीवर नको, चुकीचं दाखवतो. सकाळी उठले, लघवी करून आले, चहाच्या आधी, रोज तसेच हलके कपडे, आणि आकडा लगेच कॅलेंडरवर त्या तारखेत लिहायचा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते मांस नाही, अंगात साचलेलं पाणी आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. दम लागायची वाट बघायची नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या वडलांच्या चपलेचा पट्टा पायावर रुतायला लागला होता, आणि मी, एवढी वर्षं आयसीयूत ड्युटी केलेली बाई, त्यांना म्हटलं चपला बदला, आठ दिवसांनी रात्री दोनला ते खाटेवर उठून बसले, आडवं होता येईना. तेव्हा नडगीवर अंगठा दाबून बघितला तर मळलेल्या कणकेत पडतो तसा खळगा, आणि तो भरायलाच तयार नाही. तू रोज संध्याकाळी एवढं बघ. आणि एका उशीवर झोपणारा माणूस दुसरी उशी मागायला लागला तर तीही खूणच समज.

मिठाचं म्हणशील तर भाजीतलं कमी केलं की झालं असं सगळ्यांना वाटतं. पण आपल्याकडे कळणं, म्हणजे भाकरीचं ज्वारी-उडदाचं पीठ, दळायला देतानाच त्यात खडेमीठ पडतं, वरून ठेचा, लोणचं, शेवभाजीची शेव, आणि बिबडे, आपले ज्वारीचे पापड! त्यात मीठ तर आहेच, पापडखार पण आहे, आणि त्यातही सोडियमच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाहुणे आले की ताटात आपोआप बिबडा येतो, तो डबा फळीवर वर टाक. दुकानात लो-सोडियम मीठ मिळतं ते मनाने आणू नको, त्यात पोटॅशियम असतं आणि पंपाच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात फार वाढू शकतं.

पाणी मोजायची माझी पद्धत सांगते, सकाळी दीड लिटर पाण्याची बाटली भरून ठेवायची, आप्पांनी चहा घेतला, ताक घेतलं की तेवढं पाणी बाटलीतून झाडाला ओतायचं, बाटली संपली की दिवसाचा कोटा संपला. फक्त आपल्या मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, त्यात लघवीची गोळी चालू, वर घाम, वजन उलट उतरायला लागलं, उठताना चक्कर आली किंवा जुलाब-उलट्या लागल्या तर पाणी आणि गोळी किती ते डॉक्टरांना विचारूनच, त्या दिवसाची वाट न बघता आजच विचारून ठेव.

गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवरून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घ्यायचं नाही, त्याने अंगात पाणी धरतं. आणि सगळं तुझ्याच अंगावर का गं? वजन लिहायचं काम नवऱ्याला दे, त्याचेच वडील आहेत.

प्रश्न : वडलांना जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट दिलीय. छातीत दुखलं की चालता-चालता घेतली तर चालेल का? – एक वाचक, धुळे

उत्तर : नाही भाऊ, आधी बसवायचं, मग गोळी, कारण तिने बीपी पटकन उतरतं, उभा माणूस खाली पडतो. चक्कर येत असेल, बीपी आधीच कमी असेल तर द्यायची नाही. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर दुसऱ्या गोळीचा विचार करत बसण्यापेक्षा 108 लावा. आणि एक विचारायला अवघड, पण विचाराच, ते ताकदीच्या म्हणून व्हायग्रासारख्या गोळ्या घेतात का? घेत असतील तर ही गोळी अजिबात नको, दोन्ही मिळून बीपी एकदम कोसळतं. बायकोला सांगत नाहीत हे पुरुष, मुलालाही सांगत नाहीत, डॉक्टरांसमोर एकटं बसवून विचारायला लावा.